दोन एकर सोयाबीनचा कॉम्प्युटर



शेताच्या नोंदींत आज जरा वेगळी नोंद. २०२४ च्या दिवाळीत आम्ही घरी कॉम्प्युटर जोडला. जोडला म्हणजे सुटे भाग आणून घरीच बसवला. तेव्हापासून गावातल्या चार-पाच जणांनी विचारलं की कुठला घेतला, काय बघून घेतला, किती लागले. बहुतेकांच्या घरात शिकणारं लेकरू आहे. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी पैशाचा हिशोब, कारण तिथूनच सगळं ठरलं. त्या साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आमचं गेलं ४,२०० नी. एकरी उतारा ९ क्विंटल ६० किलो. म्हणजे एकराचे झाले ४०,३२० रुपये. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी मिळून एकरी १९ हजारांच्या वर खर्च. हातात राहिले एकवीस हजार. कॉम्प्युटरला लागले ४१ हजार. म्हणजे दोन एकरांची चार महिन्यांची राबणूक त्या डब्यात गेली. तेवढे पैसे घालायचे तर बियाण्याची पिशवी घेताना जसं लेबल वाचतो, तसं प्रत्येक भागाचं लेबल वाचायचं ठरवलं.

काम काय, ते आधी लिहून काढलं

लेक बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला. तिचा प्रकल्प होता सॅटेलाईटच्या फोटोवरून हरभऱ्याची वाढ बघायचा. युरोपचे सेंटिनल-२ नावाचे सॅटेलाईट मिळून दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून फोटो काढतात आणि ते फोटो फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठाच की! एकरात साधारण चाळीस ठिपके. कुठल्या गुंठ्यात पीक मागं पडलंय ते घरी बसून दिसतं. पावसाळ्यात ढगांमुळे नीट फोटो मिळत नाहीत, म्हणून तिनं रब्बीचं पीक धरलं.

पण त्या फोटोची एका चौकोनाची फाईल जवळपास १ जीबीची. अशा दहा-बारा फायली उघडायच्या आणि क्यूजीआयएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिशोब करायचा. मोबाईलवर हे होत नाही. बाकी माझा जमाखर्च, माती परीक्षणाचे रिपोर्ट आणि ऑनलाईन अर्ज. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. एवढं कागदावर लिहिल्यावर अर्धा निर्णय झाला.

लॅपटॉप का नाही? लेक घरून जाऊन-येऊन करते, मशीन एका जागीच राहणार होतं. लॅपटॉपचा बोर्ड गेला की दुरुस्तीचा खर्च ऐकूनच माणूस गप्प बसतो. डेस्कटॉपचा जो भाग गेला तेवढाच बदलायचा. हॉस्टेलला राहणारं लेकरू असेल तर मात्र लॅपटॉपच घ्या.

"आय सेव्हन आहे काका"

तालुक्याला एका दुकानात तयार मशीन दाखवलं. आय७, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरसकट २४ हजार. ऐकायला लई भारी. लेकीनं विचारलं, "आय सेव्हन कुठला? पुढचा आकडा सांगा." आकडा निघाला ३७७०. तो प्रोसेसर २०१२ सालचा.

दुकानदार खोटं बोलला नाही, आय७ होताच तो. पण ट्रॅक्टर घेताना आपण नुसता एचपी विचारतो का? मॉडेल कोणत्या सालचं तेही विचारतो. त्या आय७ ला चार कोर आणि आठ थ्रेड आहेत. २०२२ ला आलेल्या आय३-१२१०० ला पण चार कोर आणि आठ थ्रेडच आहेत, पण कामाचा वेग दुपटीहून जास्त. शिवाय इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ कंपनीच्या नियमात बसत नाही. इंटेलचं आठव्या पिढीचं किंवा त्याच्या पुढचं लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आय३, आय५, आय७ यावर जाऊ नका. त्याच्या पुढचा आकडा विचारा आणि दुकानात उभं राहूनच मोबाईलवर साल बघा.

प्रोसेसर आणि बोर्ड

आमच्यापुढे दोन राहिले. इंटेलचा आय३-१२१०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी. दोन्हींच्या आतच ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड लागत नाही. आम्ही ५६००जी घेतला. सहा कोर, बारा थ्रेड, आतलं ग्राफिक्स बरं, डब्यातच पंखा मिळतो आणि त्याला पेस्ट लावलेली असते. इथं एका अक्षरावर लक्ष ठेवा. नुसता ५६०० घेतला तर त्यात ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नंबरपुढे एफ असेल तर त्यातही नाही. हजारभर रुपये स्वस्त म्हणून तो आणला, तर पडद्यावर काही दिसायला कार्ड वेगळं घ्यावं लागतं.

बोर्ड बी४५० चा घेतला, रॅमच्या चार खाचांचा. दोन खाचांचा सात-आठशेनं स्वस्त होता. पण पुढं वाढवायचं तर जागा पाहिजे. डब्यावर "रायझन ५००० डेस्कटॉप रेडी" असं छापलंय का ते बघितलं. जुना पडून राहिलेला बोर्ड असला तर नवा प्रोसेसर त्याला ओळखू येत नाही, आधी बायोस अपडेट करावं लागतं. हा सॉकेट जुना होत चाललाय हे माहीत होतं. नव्या सॉकेटला डीडीआर५ रॅम लागते, बोर्डही महाग. सगळं मिळून दहा-बारा हजार वाढत होते. तेवढ्यात एकराचं खत होतं.

रॅम आणि एसएसडी

१६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ च्या दोन घेतल्या. आतलं ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की डेटा दोन वाटांनी येतो. एका पाइपाऐवजी दोन पाइपांनी पाणी आल्यासारखं. बसवताना प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या.

हार्ड डिस्क घेतलीच नाही. तिचा वेग सेकंदाला १००-१५० एमबी. साधी साटा एसएसडी ५५० च्या आसपास. बोर्डावर चिकटून बसणारी एनव्हीएमई तिसऱ्या जनरेशनची ३,००० च्या वर जाऊ शकते. चौथ्या जनरेशनची आणखी वेगवान मिळते, पण ५६००जी तिसऱ्यापर्यंतच वेग देतो. मग जास्तीचे पैसे कशाला? ५०० जीबीची घेतली. घरचं जुनं मशीन सुरू व्हायला फार वेळ लावत असेल तर नवं घेण्याआधी त्यात साटा एसएसडी टाकून बघा. कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथं पडतो.

एसएमपीएस, म्हणजे आपल्या गावचा खरा प्रश्न

शहरातल्या माणसाला हे फारसं कळणार नाही, आपल्याला कळेल. शेतीची थ्री फेज लाईट आली आणि शिवारातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की घरचा दाब पडतो. मी मल्टीमीटर लावून आठ दिवस वहीत लिहिलं. दुपारी २२५, मोटारी चालू असताना १६८, एकदा १६२. मोटारी बंद झाल्या की झटक्यात २४० च्या वर.

आता एसएमपीएसचं लेबल बघा. स्वस्तातल्या पुष्कळांवर इनपुट २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. चांगल्यावर १०० ते २४०. आमच्या घरी पहिला डबा रोज संध्याकाळी बंद पडला असता, दुसऱ्याला १६८ चं काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट वॅटची. साध्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असतं. पण कॉम्प्युटरचं मुख्य काम १२ व्होल्टवर चालतं. लेबलवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर ते वाचा. एका दुकानातल्या ४५० वाल्यावर १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आम्ही घेतला त्यावर ३६ आहेत, म्हणजे ४३२. दोन्ही हातात घेऊन बघितले तर वजनातच फरक कळत होता. आमच्या मशीनला मॉनिटरसकट जोरात चालतानाही १४० वॅटच्या आत लागतात. म्हणजे वॅट कमी पडले असते असं नाही. पण त्या हलक्या डब्यात दाब सांभाळायचं सामानच कमी असतं. तो जाताना बोर्डाला घेऊन गेला तर अठरा हजारांचं नुकसान. हजार-दीड हजार वाचवायची ही जागा नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटचा घेतला. त्यावर १४५ ते २९० व्होल्ट लिहिलंय. तेवढ्यात तो बॅटरीला हात न लावता चालतो. घरात इन्व्हर्टर आहे त्यांनी मागचं बटण बघावं. यूपीएस मोडला ठेवलं तर दाब १८० च्या आसपास खाली गेला की बॅटरीवर जातं आणि रोज बॅटरी उतरते. नॉर्मल मोडला ठेवलं तर लाईट जाताना बदल हळू होतो आणि कॉम्प्युटर बंद पडू शकतो. म्हणून छोटा यूपीएस वेगळा असलेला बरा. वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, काम सेव्ह करायला बास होतात.

तिसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं झालं, तर समजायचं की घराला अर्थिंग नाही. आम्ही भाग आणायच्या आधीच अंगणात खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ घालून वायर सॉकेटपर्यंत आणली. वरून पाणी घालत राहायचं. आणि वळवाचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा. विजेपुढे कुठलाच डबा टिकत नाही.

हिशोब

प्रोसेसर ११,९००
बोर्ड ६,४००
रॅम १६ जीबी ३,५००
एसएसडी ५०० जीबी ३,३००
एसएमपीएस ३,४००
कॅबिनेट २,१००
मॉनिटर २२ इंची आयपीएस ६,७००
कीबोर्ड-माऊस ८००
यूपीएस २,९००
एकूण ४१,०००

सगळं १८ टक्के जीएसटी धरून, पक्क्या बिलावर. बिन बिलाचं दोन हजारांनी कमी होत होतं, पण प्रोसेसर आणि बोर्डाची तीन वर्षांची वॉरंटी बिलावरच चालते. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच घ्या. हे भाव त्या दिवाळीचे आहेत. २०२५ च्या शेवटी मोठ्या डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कांद्यासारखे चढले. आज घ्यायचं तर रॅमचा भाव आधी विचारा, मग बाकीचं ठरवा.

दुकानात फुकट मिळणारं चोरीचं विंडोज घेतलं नाही. लिनक्स मिंट टाकलं, ते मुळातच फुकट आहे. क्यूजीआयएस त्यावर चालतं, हिशोबाला लिबर ऑफिस आहे, मराठी टायपिंगही होतं.

जोडणी आणि नंतर

जोडलं लेकीनंच, लाकडी टेबलावर. मी फक्त टॉर्च धरून उभा. भागांना हात लावायच्या आधी लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते. पॉवर बटणाच्या बारीक वायरी जोडताना मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवलं. तीन तास लागले. बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा उजळला. "आण्णा, लागलं!" म्हणून ती ओरडली, तशी आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

वर्षभरात दोन गोष्टी कळल्या. मळणीच्या दिवसांत पंधरा दिवसाला धूळ काढावी लागते, पुढच्या जाळीवर भुस्सा बसतो. आणि कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या खाचा पत्र्याच्या पट्टीनं बंद ठेवाव्यात. आत ऊब असते. पाली आणि मुंग्या तिथंच घर करतात.

तिच्या नकाशात आमच्या खालच्या तुकड्यातले सहा ठिपके सतत फिके दिसत होते. जाऊन बघितलं तर बांधालगत पाणी थांबून मर लागली होती. वरून चालताना हरभरा एकसारखाच हिरवा वाटायचा. यंदा पेरणीआधी तिथं चर काढून घेतलाय. सहा गुंठ्यांचा उतारा काय येतो ते काढणीनंतर इथंच लिहीन.