माहेर खरंच दीड तासावर?

मैत्रिणींनो, माझं सासर ठाण्याला, माहेर नागपूरला. मुंबईहून रेल्वेने ८३७ किलोमीटर! बाराएक वर्षं मी रात्रीच्या गाडीनेच जात आले. पण मागच्या श्रावणात फोन आला, ‘अप्पांचं ऑपरेशन आज संध्याकाळीच.’ ह्यांनी लगेच विमानाचं तिकीट काढलं. म्हणाले, “दीड तासात पोचशील.”

हवेतून अंतर सुमारे ६८० किलोमीटर, तेव्हा उड्डाणाचा दीड तास खराच. पण हिशेब उंबऱ्यापासून मांडा बरं! विमानतळ गाठायला दीड तास, तिथे दोन तास आधी हजर, उतरल्यावर सामान नि रिक्षा यांत एक. झाले की सहा! बॅगा देण्याची खिडकी उड्डाणाआधी तासभर बंद होते, हे विसरू नका. आडकित्ता, कात्री हातातल्या पिशवीत नको. मोठ्या बॅगेत घाला.

गाडीने मात्र पंधरा तास लागले असते. अप्पांना आत नेण्यापूर्वी मला त्यांचा हात हातात घेता आला, तो त्या वाचलेल्या नऊ तासांमुळेच. अप्पा आता बरे आहेत.

एरवी आपली गाडीच बरी. पण घरखर्चातून एका विमानतिकिटाचे पैसे बाजूला ठेवाच.