सलग वीस मिनिटं

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पळायला लागले, हे सांगताना अजून जरा ओशाळायला होतं. भाचीनं ९ आठवड्यांचा कार्यक्रम कागदावर उतरवून दिला. जॉश क्लार्क या अमेरिकन गृहस्थानं १९९६ साली तो आखला, आपल्या पन्नाशीतल्या आईला पळता यावं म्हणून! आठवड्यातून तीनच दिवस. सुरुवातीला ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. एवढं तर दूध उतू जाताना आपण रोजच पळतो.

पण पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम २० मिनिटं सलग! त्याआधी एका दमात आठच मिनिटं पळले होते. पाहुणे, निवडायची भाजी, अशी निमित्तं काढून दोनदा टाळलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जा गं, चहा मी टाकते. दम लागला तर हळू हो, थांबू नकोस."

मग बोलता येईल इतक्याच वेगानं पळले. काठी टेकत फिरणारे एक आजोबा बराच वेळ माझ्या बरोबरीनं होते! पण थांबले नाही.

घरी आले तर हे अजून दाढीच करीत होते. "आज लवकर आलीस?" म्हणाले. त्यांना काय सांगणार? स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मात्र सांगितलं.