गोष्टीचे पाणी वळेल तसे

पाऊस वेळेवर आला तर मूग, उडीद. पेरणीजोगा पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत आलाच नाही, तर त्यांचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल. आम्ही खात्यातली माणसे दर खरिपाला हेच सांगत गावोगाव फिरतो. आराखडा हवा, पण पावसापुढे हट्ट नको. मला कथा लिहिण्याची आवड आहे, आणि तिथेही हाच नियम लागू पडतो.

मध्यंतरी बांधाच्या भांडणावर एक गोष्ट लिहायला घेतली. आराखडा पक्का होता : दोन सख्खे भाऊ, हातभर बांध, कोर्टाच्या खेपा, मोजणी आणि शेवटी समेट. थोरल्याची बायको एकदाच येणार होती, मोजणीवाल्यांना पाणी द्यायला. ती आली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बांध कुणीकडंबी सरकू द्या. खुरपायला मीच हाय, आन् सात-बाऱ्यावर माझं नाव कुठंच न्हाई."

हे बोलणे आराखड्यात नव्हते. ते खोडले असते तर समेट ठरल्याप्रमाणे झाला असता, पण गोष्टीतला जीव गेला असता. दोन दिवस वही मिटून ठेवली. मग समेट काढून टाकला आणि गोष्ट पहिल्यापासून त्या बाईच्या नजरेने लिहिली. शेवटी ती काही न बोलता खुरपे उचलते, एवढेच.

लिहिताना माझ्यातला अधिकारी जागा झालाच. पतीने तलाठ्याकडे अर्ज करून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सात-बाऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. हे तिच्या तोंडी घालावे असे वाटले. पण तिला ते ठाऊक असते, तर ती तशी बोललीच नसती. म्हणून ती माहिती गोष्टीत न घालता इथे सांगितली.

लवचिक राहायचे म्हणून भरकटायचे मात्र नाही. हंगाम, खुरपणी, माणसांची बोली जशी खरी आहे तशीच ठेवावी. नवे वळण पात्राच्या स्वभावातून आले तर घ्यावे. नुसते गमतीसाठी आले तर तण समजून उपटावे.

आपल्या घरातले कुणी गोष्ट लिहीत असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा : आराखडा कर, पण पेन्सिलीने. आणि पात्र बोलू लागले, की आधी त्याचे ऐकून घे.