आजोबांची झाडे आणि चौदा नावे

आमच्या घराण्यात वारसा म्हणून जे आले ते असे : रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाडीमागची अडीच एकर वरकस आणि तिच्यावर उभी असलेली सहा रायवळ आंब्यांची व दोन फणसांची झाडे. आजोबांनी कोयी टाकून ती वाढवली. तेव्हा जमीन महार वतनाची होती. फळ पाडाला लागले की गावातून निरोप यायचा, एवढ्या टोपल्या आणून पोचवा. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचे बिल मांडले, पण ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. झाडाखालचा सगळा आंबा घरात आला तो त्यानंतर, असे आजी सांगायची. झाडांना नावेही तिनेच ठेवली. खोबऱ्या, शेपट्या, साखऱ्या, बिटकी. दोघांना नावच नव्हते, ती नुसती वरची आणि खालची.

वडील आणि काका गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर वडील गावी परतले, काका मुंबईतच राहिले. आज सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत आणि राबायला आम्ही दोघे नवरा-बायको. चौदांपैकी बरेच जण वैशाख पौर्णिमेला गावी येतात. आंबाही त्याच सुमारास उतरतो. चार वर्षांपूर्वी अशाच एका पौर्णिमेनंतर ओटीवर बैठक बसली. लाकडाचा ठेकेदार आठही झाडे रोखीने घ्यायला तयार होता. आंब्याच्या लाकडाच्या फळ्या निघतात, खोकी होतात. काका म्हणाले, "झाडं आता म्हातारी झाली. फळ वानरं खातात, आपल्याला कोयी. पैसे घ्या आणि वाटून टाका." त्यांचे म्हणणे हावरेपणाचे नव्हते. त्यांच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती.

त्या रात्री घरात कोणाला झोप नव्हती. आम्ही सकाळी सांगितले, वरचे झाड पोकळ झाले आहे, ते देऊ. बाकीच्यांना दोन हंगाम द्या. आंबा आणि फणस तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, शिवाय सामाईक जमीन असेल तर सर्वांची संमती. ती घेतली. त्या झाडाचे पैसे सगळे पोरीच्या फीला गेले, कोणी हिस्सा मागितला नाही. पोर आज नोकरीला आहे.

मग उरलेल्या झाडांना हात घातला. पहिला शत्रू बांडगूळ. पक्षी त्याची फळे खातात, चिकट बी फांदीवर पुसतात आणि ते झाडाच्याच अंगात मूळ घालून त्याचा रस पिते. वरून नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, त्याला फळ धरायच्या आत, गाठीच्या खालून फांदीच कापायची. शेपट्यावर तर पानापेक्षा बांडगूळ जास्त होते. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावली : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये, प्लास्टिकची बादली घ्यावी. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की आत भिरूड आहे समजावे. तार घालून अळी ओढून काढली आणि भोक मातीने लिंपले. झाडाच्या मधल्या एक-दोन उंच फांद्या काढल्या, उजेड आत गेला. शेणखत बुंध्याशी टाकायची सवय आमच्याकडे सगळ्यांना आहे, पण खाणारी मुळे असतात फांद्यांच्या पसाऱ्याखाली. तिथे गोल चर खणून खत घातले.

दुसऱ्या हंगामात साखऱ्या आणि बिटकी चांगली धरली. खोबऱ्याने मात्र दुसऱ्या वर्षीही हुलकावणी दिली. रायवळ एक वर्षाआड धरतो, त्यावर रागावून चालत नाही.

बाग वाढवायची ठरवली तेव्हा एक अडचण समोर आली. आमच्याकडच्या आंब्याची कोय पुरली की रोप येते, पण फळ आईसारखे येईलच असे नाही. म्हणजे साखऱ्या गेला की त्याची चव गेली. उपाय कलमाचा. कोय कलम घरी होते. आंबा खाल्ल्यावर कोयी ओल्या रेतीत रुजत घालायच्या. तांबूस कोंब वर आले की ते कोयीसकट उचलायचे, कोंबाचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची आणि जुन्या झाडाची तितक्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट. पावसाळी दमट हवा पाहिजे. घरातल्या बाईचा हात यात बसला. वाकळ शिवणाऱ्या बोटांना पट्टी आवळणे अवघड गेले नाही. पहिल्या वर्षी चाळीस बांधली, सतरा जगली. जाणकारांनी सांगितले, वाईट नाही.

सतरातली चौदा कलमे आम्ही चौदा नावांची म्हणून लावली. पावसाने दम धरला होता, आषाढ पौर्णिमा होती, मुंबईची सात-आठ माणसे आली होती. ज्याने त्याने आपला खड्डा भरला. खड्डे उन्हाळ्यातच मारून ठेवले होते, एक मीटर लांब, रुंद, खोल, एकमेकांपासून दहा मीटरवर. खालच्या कातळाकडच्या भागात वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राची काजूची कलमे लावली, वेंगुर्ला ४ आणि ७. काजूला सात-आठ मीटर पुरतात. फळबाग लागवडीला सरकारी योजनेतून मदत मिळते. रोजगार हमीतून ती १९९० साली सुरू झाली, तिचे रूप बदलत गेले आहे. लागवडीआधीच कृषी सहाय्यकाकडे चौकशी करावी. जमीन जुन्या वतनाची असेल तर सातबाऱ्यावर 'वर्ग २' लिहिले आहे का तेही बघून ठेवावे.

भीती आहे ती वणव्याची. माघ-फाल्गुनात कुठून तरी आग लागते आणि वाळलेल्या गवतावरून वर चढते. म्हणून दिवाळीनंतर गवत कापून बागेभोवती दहा-बारा फुटांची पट्टी आम्ही तासून ठेवतो. गेल्या साली शेजारच्या डोंगराला आग लागली तेव्हा वाडीतल्या पोरांनी हिरवे टाहाळे मारून ती पट्टीवर थोपवली. दोन काजू होरपळले, एक फुटला.

काका आता दर रविवारी फोन करतात. परवा त्यांना कळले की त्यांच्या कलमाला मोहोर आला आहे. फार हरखले. आम्ही सांगितले, पहिली तीन-चार वर्षे मोहोर खुडायचा असतो, झाडाला अंग धरू द्यायचे. ते म्हणाले, "एक तरी फळ ठेवा रे. माझं वय शहात्तर." मोहोर सगळा खुडला आहे, एक तुरा ठेवला आहे.