टाचेखालचा विनोद

सदर लिहिताना माझं निम्मं लक्ष वाचकाकडे असतं. इथे हसेल, इथे चिडेल, इथे पान उलटेल. रोजनिशीत समोर कुणी नसतं, म्हणून तिथला विनोद मला जास्त अस्सल वाटतो. रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोव्हची १९२३ ते १९२५ या काळातली डायरी मी याच लोभाने पुन्हा पुन्हा उघडतो. तिला त्याने नाव दिलं होतं, ‘टाचेखाली’.

दिवसा तो मॉस्कोत रेल्वे कामगारांच्या ‘गुदोक’ या वृत्तपत्रासाठी विनोदी मजकूर पाडायचा, मनाविरुद्ध. वहीत मात्र विनोद करायला तो जातच नाही. नुसती नोंद करतो. पावाचा भाव, तोही दशलक्षांत, कारण रूबल पार कोसळलेला. त्याला लागूनच जगाचं राजकारण, मग स्वतःचं दुखणं. मधे एखादा ‘पण’सुद्धा नाही. भाष्य गाळलं की उपरोध आपोआप उभा राहतो, हे मी त्याच्याकडून उचललं. सगळंच उचलण्यासारखं नाही. ज्यूंबद्दलचे त्याचे शेरे वाचवत नाहीत.

मार्च १९२५मध्ये त्याने ‘कुत्र्याचं हृदय’ ही कादंबरिका एका साहित्यिक बैठकीत वाचली. श्रोत्यांत गुप्त पोलिसांचा खबऱ्या होता. त्याच्या अहवालात आक्षेपार्ह मजकूर तर आहेच, पण लोक हसल्याचीही नोंद आहे. विनोदी लेखकाला इतका काटेकोर अभिप्राय समीक्षकांकडून क्वचितच मिळतो.

७ मे १९२६ला घराची झडती झाली. डायरी गेली, कादंबरिकाही गेली. अर्जविनंत्या करकरून काही वर्षांनी त्याने डायरी परत मिळवली आणि जाळून टाकली. पोलिसांनी तोवर नक्कल करून ठेवली होती! सोव्हिएत राजवट संपत आली तेव्हा ती त्यांच्याच दप्तरात सापडली. जिला जाळायला तो निघाला, ती डायरी सरकारने जपली.

पुढे त्याने डायरी लिहिली नाही. वाचक कोण आहे, ते आता कळलं होतं. १ सप्टेंबर १९३३पासून पत्नी येलेना त्याच्या सांगण्यावरून रोजनिशी ठेवू लागली. त्याचा विनोद वहीतून जिभेवर आला. स्टालिनशी आपली कशी दोस्ती आहे, याच्या कपोलकल्पित हकिकती तो घरी रंगवून सांगे. त्यातल्या एकीत बुल्गाकोव्ह क्रेमलिनमध्ये पोचतो, पायांत बूट नाहीत. स्टालिन मग आपल्या बड्या सहकाऱ्यांना बूट उतरवायला लावतो: बघू, याच्या पायात कुणाचा बसतो.