अठ्ठेचाळीस आकडे

अंधेरीत राहणाऱ्या माणसाला अंधाराचे भय नसते, असे मी माझ्या मैत्रिणींना गमतीने सांगते. कारण आमच्याकडे रात्र म्हणून होतच नाही. १९७३ साली मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सरकारने निर्यातीसाठी सीप्झ वसवले. तेथे आधी इलेक्ट्रॉनिक वस्तू आल्या, मागोमाग संगणकाचे काम आले आणि त्या कामाबरोबर रात्रपाळ्या आल्या. दुसरीकडे सहारचा विमानतळ. आमच्या इमारतीवरून विमान उतरू लागले की बोलणारा वाक्य अर्धे सोडतो आणि विमान गेल्यावर पुढचे अर्धे बोलतो. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटते, आम्हांला त्याची सवय आहे. सांगायचे एवढेच, की विमान आणि संगणक हे दोघेही आमचे शेजारी आहेत. आणि शेजारी आजारी पडला की त्याची खबर आपल्याला आधी लागते.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी हे दोन्ही शेजारी एकदम आजारी पडले. विमानतळावरच्या संगणकांचे पडदे निळे झाले, त्यावर चार ओळी उमटल्या, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा निळे झाले. प्रवाशांची नोंद हाताने होऊ लागली. देशात ठिकठिकाणी विमानात बसण्याचे पास पेनाने लिहून दिले गेले. हैदराबादच्या एका प्रवाशाला मिळालेल्या अशा पासाचे छायाचित्र तर जगभर फिरले. एकट्या इंडिगोने जवळजवळ दोनशे उड्डाणे रद्द केली. आमच्या खालच्या मजल्यावरची ताई विमानतळावर काउंटरला असते. ती रात्री उशिरा घरी आली ती मनगट चोळतच. म्हणाली, "बारावीच्या परीक्षेनंतर एवढं लिहिलंच नव्हतं गं. आणि लोक काय म्हणत होते ठाऊक आहे? तुमचं अक्षर वाचता येत नाही!"

पहिल्यांदा सर्वांना वाटले की कोणी शत्रूने घाला घातला. प्रत्यक्षात घाला अडवण्यासाठी ठेवलेल्या राखणदाराचाच पाय घसरला होता. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली कंपनी. संगणकावर घुसखोरांची नजर पडू नये म्हणून ती 'फाल्कन' नावाचा पहारेकरी पुरवते. चोर रोज नव्या युक्त्या काढतात, तेव्हा या पहारेकऱ्यालाही नव्या सूचना वरचेवर पाठवाव्या लागतात. तशी एक फाइल आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघाली. तिच्यात २१ रकान्यांचा हिशेब होता, आणि पहारेकऱ्याच्या हातात मात्र २०च रकाने होते. एकविसाव्या रकान्यात काय आहे हे पाहायला तो गेला आणि जिथे त्याने जायला नको होते अशा जागी त्याने हात घातला. साध्या प्रोग्रॅमने असे केले असते तर तो एकटा बंद पडला असता. पण हा पहारेकरी संगणकाच्या अगदी गाभ्यात, देवघरात बसलेला. तो कोसळला तसे सारे घरच कोसळले. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपण ऐकून आहोत. इथे कुंपणाच्या मनात काही वाईट नव्हते, तरी शेत गेलेच.

ती सदोष फाइल ७८ मिनिटांत परत घेतली गेली. पण तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे आडवी झाली होती. हा आकडा जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र ही यंत्रे कुठली, तर विमानतळांची, इस्पितळांची, बँकांची! आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सांगितले की दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीला पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द करावी लागली.

माझे मन खिळले ते यापुढच्या भागावर. बिघाड एका क्षणात, एका ठिकाणाहून, साऱ्या जगाला पोहोचला. पण दुरुस्ती तशी पोहोचू शकली नाही. कारण उघड आहे. जे यंत्र उठून बसतच नाही, त्याला औषध पाठवणार कोणत्या वाटेने? काही यंत्रे वारंवार बंद-चालू केल्यावर कशीबशी नवी फाइल ओढून घेऊन सावरली. उरलेल्यांपाशी माणसाला स्वतः जावे लागले. समोर बसायचे, यंत्र 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे किमान सामानानिशी उठवायचे, पहारेकऱ्याच्या कप्प्यात जाऊन २९१ क्रमांकाची ती एक फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचे. मग पुढचे यंत्र, मग त्याच्या पुढचे. ज्या यंत्रांतली माहिती कुलपात होती, तिथे आधी ४८ आकड्यांची किल्ली टिपावी लागे. २९ जुलैपर्यंत जवळजवळ ९९ टक्के यंत्रे पूर्ववत झाली, असे त्या कंपनीने जाहीर केले. ही गोष्ट घडवली ती गावोगावच्या अनाम माणसांनी, खुर्ची ओढून, एकेका यंत्रापुढे बसून. जगातली सगळ्यांत वेगवान वस्तू शेवटी पोस्टमनच्या चालीने बरी झाली.

आता घरची हकिकत सांगते. ती निराळी आहे आणि फार लहान आहे. वर्तमानपत्रात येण्याजोगी तर मुळीच नाही.

माझी आई घरी डी.टी.पी.चे काम करते. लग्नाआधी ती मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. काही वर्षे अंधेरी कोर्टाजवळ प्रतिज्ञापत्रे टाइप करीत असे. टाइपरायटर गेला, संगणक आला. आईची बोटे तीच राहिली. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, बारशाची निमंत्रणे, कधी एखाद्या हौशी कवीचा संग्रह. आमच्या घराचा किराणा आणि माझी फी या कामातून निघते. २०२४च्या पावसाळ्यात तिच्याकडे एका निवृत्त गुरुजींचे आत्मचरित्र आले होते. गुरुजी मूळचे कोकणातले. मुंबईच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिकवलेले. वह्या त्यांनीच लिहून आणल्या होत्या. पण शेवटच्या प्रकरणापर्यंत येता येता त्यांचा हात थरथरू लागला. मग ते रिक्षाने आमच्याकडे येत, आईच्या शेजारी स्टुलावर बसत आणि सांगत. आई टाइप करी. ते प्रकरण त्यांच्या गेलेल्या पत्नीविषयी होते. मी आतल्या खोलीत अभ्यास करीत असे. मधूनच बाहेरचा आवाज थांबे. विमान जात नसतानाही थांबे.

सप्टेंबरात ते प्रकरण संपले. ऑक्टोबरात गुरुजी गेले.

त्यानंतर आठच दिवसांनी एका सकाळी आईचा संगणक उठेना. रात्री सुरक्षेचे कसलेसे अपडेट आपोआप आले होते. ते अर्ध्यावर कुठे अडखळले कोण जाणे. पडद्यावर ठिपक्यांचे कडे गरगर फिरे, यंत्र बंद होई, पुन्हा सुरू होई, पुन्हा कडे. आईने जूनपर्यंतचे काम पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले होते. पत्रिका पुन्हा करता आल्या असत्या. गुरुजींच्या वह्याही घरात होत्या. पण शेवटच्या बावीस पानांना वही नव्हती. ती पाने त्यांच्या तोंडात होती, मग त्या डब्यात गेली. त्यांच्या मुलीला आईने शब्द दिला होता की वर्षश्राद्धाच्या आत पुस्तक हातात देईन.

आई काही बोलली नाही. तिने भाताचा कुकर लावला आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन केला. हा मुलगा जोगेश्वरीला राहतो, माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठा असेल. त्याने आल्याआल्या काहीही दुरुस्त करायला नकार दिला. म्हणाला, "काकू, घर पडायला आलं की आधी माणसं बाहेर काढायची. भिंतीचं मग बघू." त्याने यंत्र मुद्दाम दोनतीनदा उठता उठता बंद केले, तेव्हा ते आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर आले. आणि तिथे त्याने मागितले ४८ आकडे. सहासहा आकड्यांचे आठ गट.

हे आकडे आईकडे होते! यंत्र नवे घेतले तेव्हा याच मुलाने ते तिला सांगितले होते आणि तिने हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, दूधवाल्याच्या नंबराखाली लिहून ठेवले होते. लिहिले होते अर्थातच मराठीत. मी वाचू लागले, तो मुलगा दाबू लागला. पाचव्या गटाशी यंत्राने नकार दिला. वहीत पाण्याचा एक थेंब पडून गेला होता. दुसरा आकडा १ आहे की ९, कळेना. ४१७३२१ म्हणून दाबले होते. आईला आठवेना; तिने चष्मा लावून, वही उजेडात धरून पाहिले, तरी लागेना.

तेव्हा तो मुलगा म्हणाला, "यातल्या प्रत्येक गटाला अकराने भाग जातो. टाइप करणाऱ्याची चूक लगेच कळावी म्हणून तशी योजनाच आहे." एवढे म्हणून तो खिशातला मोबाइल काढू लागला. पण अकराची कसोटी आम्हांला सातवीत शिकवली होती, आणि गणिताशी काडीमोड घेऊन कला शाखेत आलेल्या मुलीलाही काही गोष्टी विसरता येत नाहीत. एकाआड एक आकडे मिळवायचे. ४, ७ आणि २ मिळून १३. आता उरलेले: १, ३ आणि १ मिळून ५; जमत नाही. ९, ३ आणि १ मिळून १३. जमले! ४९७३२१. यंत्राने तो गट मुकाट्याने घेतला.

पुढचे सारे त्या मुलाचे. त्या दुरुस्तीच्या पडद्यावरून त्याने आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, तिच्यातून साधे 'नोटपॅड' सुरू केले आणि नोटपॅडमधल्या फाइल उघडण्याच्या चौकटीतून आईचे सगळे फोल्डर दिसू लागले. तिथूनच त्याने ते एकेक करून पेनड्राइव्हवर उतरवले. 'गुरुजी' नावाचा फोल्डर आईने स्वतः बोटाने दाखवला. तो पुरता उतरला हे माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्यावरच त्याने भिंतीला हात घातला, म्हणजे ते शेवटचे अपडेट काढून टाकायला सांगितले. बराच वेळ कडे फिरत राहिले. कुकर कधीच गार झाला होता. दुपारी तीनच्या सुमारास आईचा नेहमीचा पडदा, त्यावरच्या माझ्या लहानपणीच्या फोटोसकट, उजळला. चार दिवसांनी तेच अपडेट पुन्हा आले आणि या वेळी ते विनातक्रार बसले. सुरक्षेचे अपडेट नको म्हणून चालत नाही, हेही त्या मुलाने बजावले होते. दार नीट लागत नव्हते म्हणून कोणी दाराशिवाय राहत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वयाच्या मुलांना वाटते की जुने सारे कागद आता रद्दीत गेले. मलाही एरवी आईच्या वह्यांचे हसू येई. पण विमानतळावरची ताई पेनाने पास लिहीत होती तेव्हाच विमाने उडाली, आणि एका मळक्या वहीवर मराठी आकडे होते म्हणून बावीस पाने वाचली. याचा अर्थ यंत्र वाईट असा नव्हे. यंत्र नसते तर गुरुजींचे ते प्रकरण लिहिलेच गेले नसते, कारण त्यांचा हात चालत नव्हता. अर्थ इतकाच, की प्रत्येक यंत्राशेजारी एक वही, एक पाठ झालेली कसोटी आणि खुर्ची ओढून बसणारे एक माणूस असावे. आई आता दर शनिवारी काम दोन ठिकाणी उतरवते. ४८ आकडे तिने तीन वह्यांत लिहिले आहेत, आणि नऊची शेपटी चांगली लांब काढली आहे.

पुस्तक २०२५च्या उन्हाळ्यात छापून झाले. गुरुजींची मुलगी प्रती न्यायला आली. तिने उभ्याउभ्याच शेवटचे प्रकरण काढले आणि वाचता वाचता स्टुलावर बसली. पुष्कळ वेळाने तिने विचारले, "काकू, बाबांनी हे असंच सांगितलं? घरी तर ते आईबद्दल कधी अक्षर बोलले नाहीत."

आई म्हणाली, "असंच सांगितलं. माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि एकही शब्द बदलला नाही."