न कोरलेली तोंडं

अंगठ्याच्या सांध्यानं दगा दिला आणि लाकडी ठशात कोरायची माझी बारीक रेषा गेली. प्रदर्शनात लोक त्या रेषेजवळ नाक नेऊन बघत, ते मला फार आवडायचं, अजूनही आवडेल. आता रुंद गूज, म्हणजे खोलगट पात्याची पटाशी, तेवढी हातात ठरते. त्यामुळे जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झच्या ‘स्वयंसेवक’ या छाप्यासमोर पुन्हा बसलो.

‘युद्ध’ या तिच्या सात वुडकटांच्या, म्हणजे लाकडी ठशाच्या छाप्यांच्या, संचातला हा छापा, १९२१-२२चा. मृत्यू ढोल बडवत पुढे आणि पोरं त्याच्यामागे. त्याच्या अगदी लगत तिचा मुलगा पेटर. १९१४ साली तो १८ वर्षांचा होता. सैन्यात जायला वडिलांची संमती हवी होती. त्यांचं मन वळवलं ते आईनंच. ऑक्टोबरात फ्लँडर्समध्ये तो मारला गेला. वीरगाथेवर संशय घेणारी ही बाई त्या गाथेत स्वतः सामील होती.

मी अडतो तो उघड्या तोंडांपाशी. गाणं की किंकाळी? न कोरलेलं लाकूड काळं उमटतं, म्हणजे तोंड कोरायचंच नसतं. ओठ, गाल, हनुवटी कोरत त्याच्या कडेपर्यंत जायचं आणि थांबायचं. एक चीर जास्त गेली की चेहरा भेसूर, कमी पडली की आज्ञाधारक. दोन्हीकडे माणूस संपतो. तिनं पोरांना मूर्ख केलं नाही, हुतात्माही केलं नाही. डोक्यांवर प्रकाशाची कमान आहे, जुन्या चित्रांत संतांना नि विजेत्यांना मिळायची तशी. ती तिनं काढून घेतली नाही. फक्त म्होरक्याच्या जागी मृत्यू आणला.

चित्रकार ओट्टो डिक्सची युद्धावरची १९२४ची ५० एचिंग्ज थोर आहेत. पण कुजलेलं प्रेत बघून युद्धाला कुणीही नको म्हणेल. निघतानाचा उन्माद, तो खरा आणि देखणा असताना, दाखवून नको म्हणायला लावणं फार अवघड. हल्ली लेझरनं एमडीएफ कापून वुडकटच्या धाटणीचे वीरपुरुष छापतात. तिथं लाकूड हाताला कुठेच अडवत नाही. मग नायकाविषयी शंका यावी कुठून?

एचिंगच्या नाजूक रेषेत कोलविट्झचा हात धरणारे थोडेच होते. १९२०मध्ये तिनं शिल्पकार बार्लाखचे वुडकट पाहिले आणि पन्नाशी उलटल्यावर या राकट माध्यमात उतरली. मला तिचा हेवा वाटतो. तिनं नाजूक रेषा आपणहून सोडली, माझी वयानं हिसकावली.

सध्या प्लायवर एकच चेहरा कोरतोय, घोषणा देणाऱ्या मुलाचा. खालचा ओठ कोरला की तो हसतो, सोडला की जबडा गळतो.